पाहुणीला पहिला ओरडा

यार, परदेशी मुलगी घरी ठेवायची असेल तर आधी स्वतःच्या आईशी बोलून घ्या, एवढंच सांगतो.

आमच्या गुरुग्रामच्या फ्लॅटवर जर्मनीहून लेना आली. आमच्याकडे राहायचं आणि माझ्या मुलीला, चिऊला, सांभाळायचं, असं ठरलेलं. मी कामाचे तास, सुट्टीचा वार, सगळं छापून फ्रिजवर लावलं. पण आई तिला जेवलेलं ताटही उचलू देईना. "पाहुणी आहे ती," म्हणायची. चिऊची वेणीसुद्धा आईच घालायची.

तिसऱ्या आठवड्यात लेना बॅग भरून माझ्यासमोर उभी. "माझं काम इतकं वाईट आहे का? मला कुणी कशाला हातच लावू देत नाही."

मी आईला सगळं सांगितलं. आई केंद्र सरकारातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेली, इंग्रजीत झापायची जुनी सवय. ती स्वयंपाकघरातूनच कडाडली, "लेना, शाळेची बस येईल आत्ता. चिऊची वेणी कुणी घालायची? आणि हे मटार?"

लेनाने वेणी घातली, मटार सोलले आणि मग घरी फोन लावला. काय बोललीस विचारलं, तर म्हणाली, "मम्मीला सांगितलं, आज आजी मला ओरडल्या. मी राहतेय."