मागून येणारी थाप

अरे, ब्रिटिश आर्मी सोडली तेव्हा पुढच्या शिक्षणाचा खर्च आर्मीच देणार होती. आईला वाटलं, मुलगा आता एमबीए करणार. मी लंडनजवळ स्लाऊला मोठ्या लॉरीच्या ट्रेनिंगला नाव घातलं.

पहिल्याच दिवशी इंजिन सुरू केलं आणि नुसताच बसून राहिलो. शेजारी ट्रेनर डेबी, पन्नाशीची बाई. तिने विचारलं, "कशाची वाट बघतोयस?"

"थापेची."

"कसल्या थापेची?"

मग सांगितलं तिला. आर्मीत मी ट्रक चालवायचो आणि मागे आमची पोरं बसायची. सगळे चढले की कोणीतरी केबिनवर दोन थापा मारायचं, मगच मी निघायचो. आता ती पोरं कुठे कुठे पांगलीत, दोघं तर राहिलीच नाहीत.

"सवय आहे, जाईल," मी म्हटलं.

डेबी दार उघडून खाली उतरली. मला वाटलं, वैतागली. तेवढ्यात मागे रिकाम्या ट्रेलरवर दोन जोरदार थापा पडल्या.

ती परत येऊन बसली. "हं, निघ आता."

पण मला समोरचं काही दिसेना. शेवटी तिनेच हात लांबवून इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "नावं सांग त्यांची."