दांडी कापलेला गाडा

थांबा, थांबा! टाळ खाली ठेवा. मृदंगवाले महाराज, तुम्हीही जरा हात आवरा. आज माझा पाय एका जागी ठरत नाही – बघताय ना मघापासून, या खांबापासून त्या खांबापर्यंत नुसत्या फेऱ्या घालतोय! एक प्रश्न डोक्यात शिरलाय, तो काही केल्या निघत नाही. मंडळी, ऐका! आपल्या दारातलं मरण शेजाऱ्याच्या दारात ढकललं, तर ते टळतं का हो?

नाही? मोठ्यानं म्हणा की! म्हणायला किती सोपं आहे! बरं. आधी आख्यान ऐका, मग हाच प्रश्न पुन्हा विचारतो. तेव्हा बघू आवाज किती निघतोय ते.

दोन गावं होती. वरच्या अंगाला निंबसर, खालच्या अंगाला कुसळी. मधे ओढा, आणि ओढा हीच शीव. निंबसरच्या लेकी कुसळीत दिलेल्या, कुसळीच्या निंबसरात. म्हणजे दिवाळीला एकमेकांच्या घरी करंज्या खायच्या, आणि पटकी आली की एकमेकांची डोकी फोडायची! हसू नका. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी नांगर धरलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर!

अन् पटकी आली की करायचं काय? मरीआईचा गाडा! लाकडी गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, दहीभात – आणि वाजतगाजत नेऊन शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. ‘आई, आमच्याकडचा मुक्काम झाला, आता पुढं जा!’ पुढं म्हणजे कुठं? शेजाऱ्याकडं! मग शेजारी काय हार घेऊन उभा राहणार? काठ्या घेऊन! मागच्या साथीत याच ओढ्यात लढाई जुंपली. कुसळीचा एक तरणाताठा गडी जागच्या जागी गेला. पटकीनं नाही हो – काठीनं! आणि त्यावर निंबसरच्या शाहिरानं पोवाडा रचला. काय पोवाडा! डफावर थाप पडली की पोरांचे हात शिवशिवायचे, कधी एकदा साथ येते आणि कधी आम्ही शिवेवर जातो! कला माणसाला दर वेळी देवळातच नेते असं नाही, मंडळी. कधी हातात काठीही देते. मी गाणारा माणूस, मला त्याची भीती वाटते.

तर साथ आली. निंबसरचे पाटील हैबतराव बाळोजी सुताराच्या दारात उभे राहिले.

“बाळोजी, गाडा लागतोय. चांगला मजबूत कर.”

बाळोजीची पटाशी थांबली. “गाडा कुठं जायाचा, पाटील?”

“कुठं म्हंजे? कुसळीला!”

“कुसळीत माझी तानू दिलीया.”

“समद्यांच्याच लेकी दिल्यात रं! माझी भाची न्हाई व्हय तिथं? पर शेजारच्या घरातलं रडणं ऐकतुयास न्हवं?”

ऐकत होता. शेजारचा पाळणा रिकामा झाला होता. नाही म्हणावं तर गाव वाळीत टाकणार, हो म्हणावं तर स्वतःच्या हातानं लेकीच्या दारात मरण धाडायचं. तुम्ही काय केलं असतं? ते मागचे काका – डोळे मिटून विचार करताय, का डुलकी लागली?

बाळोजीनं गाडा केला. आणि कसा केला! मनाला बोचणी लागली की माणूस कामात जरा जास्तच जीव ओततो. गाड्याच्या दोन्ही बाजूंना राघू-मैना कोरल्या – अगदी तशाच, जशा तानूच्या पाळण्यावर कोरल्या होत्या. का? तर लेक बघेल, बापाचा हात ओळखेल आणि जीव घेऊन कुठंतरी लांब जाईल. भोळा बाप! पदरात लेकरू असलेली सासुरवाशीण उठून जाणार कुठं?

निघाला गाडा! हलगी कडाडली, गुलाल उधळला. ओढायला बाळोजीलाही जुंपलं. सकाळपासून त्याच्या पोटात कळ येत होती, पण लाजेनं बोलला नाही. आणि ओढ्यात उतरतात तर समोर अख्खी कुसळी, काठ्या उगारून!

“मागं फिरा! न्हाई तर हितंच आडवं करतो!”

“तुमीच बाजूला व्हा!”

काठी काठीला भिडणार, तेवढ्यात माणसांतनं एक बाई वाट काढत आली. तानू! तिनं गाडा पाहिला. राघूवर बोट फिरवलं. आणि लुगड्याचा काचा खोचून सरळ गाड्यात चढून बसली! देवीच्या शेजारी!

“आता ढकला! वर ढकलला तर माझा आबा मरतोय, खाली ढकलला तर माझं लेकरू! कुणीकडं ढकलता? सांगा की!”

हलगी बंद पडली. आणि ती बाई रडत रडत गायला लागली. शाहीर नव्हती हो ती, जात्यावर दळणारी बाई. जे सुचलं ते गायली –

*निंबसर माझं माहेर, कुसळी माझं सासर,*
*मरण धाडू कुण्या दारी? दोन्ही माझंच घर!*

काठ्या खाली आल्या. आणि त्याच क्षणी बाळोजी वाळूत कोसळला. उलटी झाली. ‘पटकी! पटकी!’ – दोन्ही गावं एकदम मागं सरकली. एवढी एकी त्या ओढ्यानं पूर्वी कधी पाहिली नव्हती!

तानूनं उडी टाकली, बापाला ओढत आणून गाड्यात घातलं. “आरं, पटकी गाड्यात न्हवती! गाडा वढणाऱ्याच्या पोटात बसून आली, अन् तुमी तिला वाजवत आणली! कुणीतरी पेज आणा रं!”

कुणी हलेना. मग पहिली कोण हलली? तानूची सासू, गोजराबाई! हो, सासू! बायकांनो, कान टवकारले ना? तिनं मिठाची पेज आणली. मग निंबसरच्या बाजूनं पाटलीणबाई उतरल्या आणि पदरानं वारा घालू लागल्या. नवरा काठावरून ओरडतोय, तरी!

बाळोजीनं डोळे उघडले. राघूकडं बघत म्हणाला, “वळखलंस न्हवं, तानू?”

“वळखलं, आबा.”

मग वाचला का? तुम्हाला वाटतं, कीर्तनातला माणूस वाचतोच! नाही वाचला. स्वतःच घडवलेल्या गाड्यात, लेकीच्या मांडीवर गेला. मला हे सांगताना दर वेळी राग येतो. पेज दोन्ही गावांत होती हो, पण ती बाहेर यायला एक माणूस मरावा लागला!

तानू उठली. सासराही सुतारच, हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकूनच आलेला; त्याच्याकडं तिनं हात पुढं केला. “मामंजी, करवत.” आणि भर दुपारी, दोन्ही गावांच्या देखत, तिनं बापाच्या गाड्याची दांडी मुळापासून कापली.

“आता वढा कुणाला वढायचा त्याला!”

दांडीच नाही, ओढणार काय? गाडा शिवेवरच राहिला, एक चाक इकडं, एक चाक तिकडं. पुढच्या साथीत दोन्ही गावच्या बायका दळताना तीच ओवी म्हणत होत्या, आणि त्यांचे गडी ओढा ओलांडत होते ते पेजेची मडकी घेऊन. पोवाडा? त्याची एक ओळ आज कुणाला येत नाही.

आता तुमच्याकडं वळतो. उठू नका, आरती अजून लांब आहे! मागं ती मोठी साथ आली, तेव्हा आपल्या वेशीत बाभळीच्या काट्या कुणी टाकल्या होत्या? शहरातून पायी आलेली सख्खी लेक काट्यांच्या पलीकडं उभी होती, आणि आपण इकडून ओरडत होतो, ‘तिकडंच राहा!’ मीही त्यात होतो. वरच्या आळीचं गटार खालच्या वस्तीच्या विहिरीकडं कुणी वळवलंय? का गप्प बसलात? मघाशी ‘नाही’ म्हणताना केवढा आवाज होता!

गाडा तयारच आहे, मंडळी. आपण सगळे त्याला जुंपलेले आहोत. आणि करवत तर प्रत्येकाच्या घरात आहे. तेव्हा पुन्हा विचारतो – उद्या सकाळी ते गटार बुजवायला कोण येणार? हात वर करा.

नाही, टाळ उचलू नका. पहिला हात वर आल्याशिवाय आज गजर होणार नाही. मी हा इथंच उभा आहे.