फार्मस्टेवर विचारलेला सातबारा

शनिवार-रविवार स्वस्तात गावाकडे जाताय? जा, पण तिथे प्रश्न विचारू नका. आम्ही नवरा-बायको पनवेलहून चिरनेरजवळच्या एका फार्मस्टेवर गेलो. मी पडलो जुना बातमीदार. चहा हातात येताच मालकाला विचारलं, "जमीन किती? सातबारा कोणाच्या नावावर?" वर बांधाचे फोटोही काढले.

मालक उठला आणि त्याने फाटकाला कुलूप लावलं. बघता बघता अर्धी आळी जमली.

"कोनी पाठवलाय तुमाला? जागा घ्यायला आलाव?"

मी आवाज चढवून म्हणालो, "मी पत्रकार आहे!"

"मागचा पन हेच बोलला. त्याच्या मागून मोजणीवाले आले!" एकाने माझा मोबाइल हिसकावला.

बायको रडकुंडीला आली. "अहो दादा, कसले पत्रकार! यांचं आमच्या सोसायटीतसुद्धा कोणी ऐकत नाही!"

माणसं खो खो हसली. मोबाइल परत मिळाला, कुलूप निघालं.

मी मात्र भडकलो. "ऐकत नाही म्हणजे काय? सोसायटीला पाणी कोणाच्या बातमीमुळे आलं?"

बायकोने माझा दंड घट्ट धरला. "हसतायत तोवर गाडीत बसा!"