वाडीवरचा लाल ठिपका

हॅलो?… कोण, सारिका?… हां, सासूच बोलतेय, दुसरं कोण उचलणार घरात! मंगेश कुठं हाय?… पुन्हा ड्युटीवर? रविवारचा?… बरं बरं.

अगो, इथं नुसता गोंधळ चाललाय. आपल्या वाडीत डेंग्यू आलाय म्हणे… नाय गो, कुणाला साधी शिंकसुद्धा नाय! ती आरोग्य केंद्राची आशाताई, अमिता, मोबाईल घेऊन आली. त्यात नकाशा. बोटानं ताणला की पोलादपूर, आंबेनळी, आणखी ताणला की आपली वाडी… हो, हो, ऐक ना! वाडीवर लाल ठिपका. खाली तारीख सरकवायची. सोमवारी ठिपका नाय, मंगळवारी हाय!

मग काय, घरोघर ताप बघितला, पिंपं उपडी केली. शेजारचा रामजी म्हणतो, चंद्राबाई, तुझ्याच गोठ्यातल्या पाण्यात अळ्या असतील. तोंड बघा मेल्याचं! मी म्हटलं, तूच कुणाला तरी घरात लपवलंयस…

थांब गो, पुढचं ऐक. ठिपक्यावर बोट ठेवलं की लिहून येतं, पुरुष, वय तीस ते चाळीस. आता वाडीत ह्या वयाचा बाप्या शिल्लक हाय कोण? सगळे तिकडं मुंबईला…

काय?… तू कशाला घाबरतेस?

मग अमितानं तालुक्याला फोन लावला. ते म्हणाले, माणूस कुठं का आजारी पडेना, हॉस्पिटलात आधार कार्ड दिलं की त्यावरच्या पत्त्यावर ठिपका पडतो… हॅलो? सारिका? ऐकू येतंय ना?

वाडीतल्या सुहासनं कार्डावर मुंबईचा पत्ता घातला, रावजीच्या पोरांनी घातला. आमचाच शहाणा, 'गावचा राहू दे' म्हणत बसला…

मागं कोण ओरडतंय गो? कसला बेड नंबर?… टीव्ही? मग बंद कर बघू जरा… नाय ना होत बंद?

सारिका. मंगेश कुठं हाय?

…

अगो देवा. आणि मी इथं रामजीशी भांडतेय!… प्लेटलेट वाढतायत? खरं सांग. त्याची शपथ घेऊन सांग… 'आईला कळवू नको' म्हणाला? त्याला तापात काय कळतंय, तुला कळायला नको?

रडू नको. रागावलेय मी, लय रागावलेय, ते तिथं आल्यावर बोलू. रामजी वीर स्टेशनला सोडतोय मला… हो, तोच. दारात उभा राहून सगळं ऐकलंय त्यानं, गाडी काढायला गेला.

फोन त्याच्या कानाला लाव… बोलत नसला तरी लाव गो…

मंग्या?… आई निघाली रे.