बर्गनला अडकलेला पोवाडा

हॅलो? … हॅलो, बिला? … अगं मोठ्याने बोल, इथे पाय वाजतायत!

पाय, पाय! … नाही गं, बांधकाम कसलं! माणसांचे पाय. … थांब, जरा खांबाआड जाते… हं, बोल आता.

कुठून म्हणजे? बर्गनहून. … हो, अजून बर्गनलाच! अगं, सकाळी कोपनहेगनहून निघालो, आपल्या फेरो बेटांवर पोचलोसुद्धा होतो. डोंगराचं टोक दिसलं मला ढगातून. घिरट्यांवर घिरट्या, आणि मग वैमानिक म्हणतो, धुक्यात धावपट्टीच दिसत नाहीये. आणून टाकलं नॉर्वेत. … धुक्याला कशाला शिव्या देतेस? ते आपल्या आधीपासून राहतंय तिथे.

कधी सुटणार कोणाला माहीत! संध्याकाळ व्हायला आली. … हो, मला कळतं आज काय आहे ते. बाबांचा वाढदिवस मी विसरेन का? … जमले सगळे हॉलमध्ये? … केक कापला? … बाबा दिसतात का गं ऐंशीचे? … नाहीच मुळी.

आणि पोवाड्यावरचा नाच? … ‘हो, होईल’ म्हणजे काय? त्रोंदुरच पुढे म्हणणार ना? … मी कुठे काय म्हटलं! तुझा मुलगा, तू ठरवलंस, मी गप्प बसले. मला एवढंच वाटतं, बाबांनी दुसरं काही मागितलंय का? गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून नुसतं कुजबुजता येतं त्यांना. इतकी वर्षं गावाला स्वतः नाचवलं, आता एकच घोकतात, माझ्यासमोर कोणीतरी आख्खा पोवाडा म्हणा. … हं. … तुझा आवाज असा का येतोय? सर्दी झालीय? … बरं, नाही तर नाही.

वेळ कसा घालवतोय? अगं तेच तर सांगतेय मघापासून! ऐक ना.

आधी सगळ्या बायकांनी विणकाम काढलं. मी बाबांच्या स्वेटरची बाही पुरी केली, मग ती लांब झाली म्हणून उसवली, परत घातली. मग दुकानात जाऊन अत्तरं हुंगली, मनगटं संपली, कोपरं संपली, दुकानातली मुलगी बघायला लागली तशी निघाले. … कॉफी? घेतली एक. भाव बाबांना सांगू नकोस, आज चांगला दिवस आहे.

शेजारी एक डॅनिश साहेब बसलेला, तो मोबाईलमधून मला वाचून दाखवतो, विमानतळावर वेळ कसा घालवावा. म्हणे बूट काढून फेऱ्या मारा. मालिशच्या खुर्चीत बसा. म्हणे एखाद्या परक्या भाषेतले दहा शब्द शिका! मी म्हटलं, साहेब, तुमची भाषा आम्ही शाळेपासून शिकतोय, आता तुमची पाळी. … मग? सोडते की काय!

मग दान्यालने डबा उघडला. … अगं, आपला हुसाविकचा म्हातारा दान्याल! मुलाला भेटायला कोपनहेगनला गेला होता. … वाळवलेलं मटण, आणखी काय असणार! मुलासाठी नेलं होतं, सुनेने घरात उघडूच दिलं नाही, तसंच परत घेऊन निघालाय. त्याने इथे झाकण काढलं आणि आजूबाजूची सगळी बाकं रिकामी झाली. … शपथ! आम्हाला पाय पसरायला ही एवढी जागा. आणि जागा मिळाली म्हटल्यावर फेरोची माणसं काय करणार?

अर्थात! … इथेच, विमानाच्या दारासमोर! दान्यालने हात पुढे केला, मी धरला, माझा आणखी कोणी धरला, बघता बघता आख्खं विमान साखळीत. दोन पावलं डावीकडे, एक मागे. लाकडी जमीन आहे गं इथे, काय घुमते सांगू! ना वाजंत्री, ना काही, नुसता गळा आणि पाय. लोक मोबाईल खाली ठेवून बघतायत.

सुरक्षावाला आला की. … ओरडायलाच आला होता. आता साखळीत आहे. … डॅनिश साहेबही! बूट काढून!

आता खरं ऐक. पुढे कोण म्हणतंय, विचार ना मला. … नाही, दान्याल नाही. सुरुवात त्याने केली. तोच, बाबांचा, राजा बोटी घेऊन राक्षसावर जातो तो. … हो, भला लांबलचक, म्हणून तर धुक्याला बरा. पण दान्यालला दम कुठे उरलाय आता? ऐन समुद्रात थांबला. खोकला आला, आणि पुढचं कडवंच आठवेना. पाय चालू, पाय थोडेच थांबतात, पण गळा कोणाचाच नाही. जो तो दुसऱ्याकडे बघतोय. … मला पालुपद येतं गं, कडवी कुठे येतात! तुला येतात?

आणि माझ्या मागून आवाज आला. … सुन्नुवा! … अगं माझी लेक सुन्नुवा, दुसरी कोण! … हो, तीच, आर्हुसमध्ये वाढलेली. तुझी ‘अर्धी डॅनिश’. … म्हणतेस की! ‘तिला पुढे उभी करू नकोस मार्यून, तोंड उघडलं की लोक हसतील,’ हे कोण म्हणालं होतं? … भांडत नाहीये मी. आज भांडायला वेळ नाही मला, आज मी हवेत आहे!

बोलताना डॅनिश येतं तिच्या तोंडात, कबूल. पण म्हणताना? बिला, डोळे मिटले तर वाटेल बाबाच उभे आहेत. तोच स्वर, तेच शेवटचं अक्षर ओढणं. दान्यालच्या डोळ्यांत पाणी आलं गं. म्हणतो, ही पोर स्कालविकची. … हो, असंच म्हणाला, आपल्या गावची, स्कालविकची!

कुठे शिकली? मीही तेच विचारलं तिला, पाणी प्यायला आली तेव्हा. … नाही, पुस्तक नाही. बाबा रविवारी दार लावून बसतात ना? तू म्हणायचीस, रेडिओ ऐकतात म्हणून? … रेडिओ कसला! फोनवर असतात, सुन्नुवाशी! ते इकडून कुजबुजत कडवं सांगतात, ती तिकडून मोठ्याने म्हणते. चुकलं की बाबा बोटाने फोनवर टकटक करतात. … अगं मलाही नव्हतं माहीत! तीही दार लावायची. मला वाटायचं कोणीतरी मुलगा आहे. मी तर मनातल्या मनात लग्नसुद्धा लावून टाकलं होतं!

… बिला?

… बिला, रडतेयस का तू? … काय झालं? बाबा बरे आहेत ना? … मग? … त्रोंदुरचं काय? … केव्हा? … म्हणजे झाला नाच? मग मघाशी ‘होईल’ का म्हणालीस? … मोबाईलमध्ये बघून म्हणत होता? पोवाडा? बघून? … आणि मध्येच फोन वाजला? … अरे देवा. … कोणी हसलं का? … हसणारच गं. … मग साखळी? … तुटली. … आणि बाबा?

कोट घालून दाराशी उभे आहेत?

आणि तू मघापासून मला केकचं सांगतेयस! यासाठी फोन केलास ना तू? सांगायचं तरी! … नाही, त्रोंदुरला काही बोलू नकोस. भर हॉलमध्ये उभा तर राहिला पोरगा. … रडू नकोस. बिला, मी सांगते ते कर. हॉलमध्ये माइक आहे ना? … तुझा मोबाईल मोठ्या आवाजावर टाक आणि माइकसमोर धर. … कशाला म्हणजे? संपलाय कुठे पोवाडा इथे! साखळीत मध्ये शिरता येतं की, इथून काय नि तिथून काय! … बाबांना काही सांगू नकोस. नुसता धर.

मी जातेय तिच्याजवळ… जरा सरका… सुन्नुवा, थांबू नकोस, म्हणत राहा! हा आजोबांसाठी आहे, मोठ्याने! … तुला नाही गं, तिला.

धरलास? … येतंय ऐकू? … हॅलो? … बिला, बोल काहीतरी! … कोण उठलं? … आणखी? … आणि त्रोंदुर? … शाब्बास रे! … मागे पडताय? पडू दे अर्धं पाऊल, समुद्रापलीकडून येतंय ते. … बाबा? … वळले? … मग? … हळू सांग, मला ऐकू येत नाहीये… साखळीत? … ओठ हलतायत? आवाज नसला तरी? … सगळी कडवी?

थांब. … तुमचे पाय. बिला, तुमचे पाय ऐकू येतायत मला!

काय? … हो, ती इथलीच घोषणा. धुकं निवळलं म्हणे, विमानात बसा. … कोणी हललेलं नाही. हवाईसुंदरी दार उघडून उभी आहे. राहू दे. पोवाडा अर्धा टाकून कोणी जातं का? राजाला आधी किनाऱ्याला लागू दे.

काय म्हणालीस? … परत म्हण. … ऐकू आलं गं, तरी परत म्हण. … ‘आपली सुन्नुवा.’ … हो. आपली.

आता पुरे. फोन तिच्या हातात देतेय, दान्याल केव्हाचा माझा हात मागतोय. … तू काय करतेयस तिथे मोबाईल धरून? माइकपाशी टेकवून ठेव आणि बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहा. … अगं, जा म्हणते ना!