खाज म्हणजे औषध

...आणि माझा दंड काही केल्या खाजेना हो! शेजारी साडू बसलेला, बाही वर करून मन लावून खाजवतोय, आणि मी आपला कोरडा! तुम्हाला सांगतो, खाज म्हणजे औषध. हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

म्हणजे काय, की दवाखान्यात सिगारेट सोडवायचं नवं संशोधन चाललं होतं, त्यात मी आणि साडू दोघांनीही नाव घातलं. रोज दंडावर एक पट्टी चिकटवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, निम्म्या लोकांच्या पट्टीत औषध आहे, निम्म्यांच्या पट्टीत काहीच नाही. कुणाला काय मिळालंय ते आत्ता आम्हालाही माहीत नाही." आता डॉक्टरलाच माहीत नाही म्हटल्यावर शोध कुणी लावायचा? आम्हीच ना?

बरं, मी काय हौसेने गेलो होतो? मुलीला मुलगी झाली. मी हात पुढे केले, तर मुलगी म्हणते कशी, "बाबा, लांबून बघा. तुमच्या शर्टाला वास, मिशीला वास... सिगारेट सुटली असं दवाखान्याने सांगितल्याशिवाय बाळ हातात मिळायचं नाही." पोटची पोर हो! सख्खा आजोबा मी, आणि नातीला दारातून टाटा करतोय! फार लागलं ते मनाला.

तर साडू खाजवतोय. म्हटलं, खरी पट्टी यालाच! याला ना नात, ना घाई, आणि औषध मात्र याला? मी आवाजात साखर घोळली. "साडूबुवा, फार त्रास होतोय ना? माझी पट्ट्यांची पाकिटं घ्या, तुमची मला द्या." तो गहिवरला बिचारा. म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस नाही." आणि दवाखान्याच्या जिन्यातच आमची अदलाबदल झाली.

लावली की हो त्याची पट्टी... आणि संध्याकाळपर्यंत काय खाज, काय खाज! मी नाचायचाच बाकी होतो. खाज म्हणजे औषध! तलफ आली की खाजवायचं, चहा झाला की खाजवायचं, बायको बोलायला लागली की खाजवायचं... हाताला सिगारेट धरायला सवड कुठली? शेवटच्या तपासणीला मी श्वासातला धूर मोजायच्या यंत्रात फुंकर मारली, तर आकडा इतका खाली की डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. साडूने फुंकलं, तर यंत्र बोंबलायलाच लागलं.

मग त्यांनी संगणकात बघितलं. "अभ्यास संपला, आता सांगायला हरकत नाही. काका, औषधाची पट्टी तुमची. साडूंच्या पट्टीत नुसता गोंद."

"छे हो, साडूची पट्टी तर मी लावत होतो!"

गेलं ना तोंडातून! बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही गोंदावर सोडलीत? आणि साडू औषध लावून ओढत होते? दोघांचीही नोंद रद्द!"

"अहो, रद्द कशी? सुटलीय की माझी! मुलीला काय सांगू?"

"सुटली असेल काका, पण आम्हाला ती मोजता येत नाही."

तसाच मुलीकडे गेलो. दारातच उभा राहून सगळं सांगितलं, अदलाबदलीसकट. ती पुढे आली, कॉलर हुंगली, मिशी हुंगली, बोटं हुंगली... डोळे पुसले, आणि बाळ माझ्या हातात दिलं. काय सांगू तुम्हाला, मी रडलो हो.

आणि दंड? तो खाजतोय अजून. नुसता गोंद होता हे कळून चुकलंय, तरी खाजतोय! पण खाजवू कशाने? दोन्ही हातांत नात आहे.