कासूला जुळलेला नकाशा

पेणच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई आणि एक तरुण लॅपटॉप उघडून बसले होते.

“विराज, पाइपलाइनचा जुना नकाशा सॅटेलाइट फोटोवर बसवताना प्रोजेक्शन कुठलं घेतलंस?”

“लिहिलेलंच नव्हतं, मॅडम. नकाशा भलतीकडे पडत होता, म्हणून माउसने ओढून कासू स्टेशनवर बसवला. नकाशातले रूळ अगदी फोटोतल्या रुळांवर आले.”

“कासूला आले. रोह्याकडे बघितलंस?”

“एका टोकाला जुळलं, तर दुसरीकडे कसं चुकेल?”

“अरे, प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत; ती वेगळी असली की नकाशा तिरका बसतो. इथे जुळला, तरी तिकडे चार शेतं सरकतो! आज खोदकाम कुठे आहे?”

“रोह्याजवळ, वरशाला. पाइपलाइनच्या रेषेत विमलबाईंचं घर येतंय, तिथेच पोकलेन आहे.”

“पोकलेनवाल्याला फोन लाव. स्पीकरवर.”

“हर्षद, पोकलेन थांबव! रेषा चार शेतं चुकलीय. विमलबाईंचं घर मध्ये येतच नाही.”

“व्हय साहेब, थांबवला.”

“वाचलो, मॅडम.”

“साहेब, विमलबाई हितंच हायत. देव पाटीत घेऊन उभ्या हायत. विचारतायत, आता मांडू कुठं? देव्हाऱ्याची भिंत सकाळीच पाडली ना.”